थोडासा दाब हवाच!

मी बी.कॉम. आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे काही लिहिणार आहे त्यात हिरे आहेत, नोबेलवाले शास्त्रज्ञ आहेत, शून्याखाली दोनशे-अडीचशे अंशांची थंडी आहे आणि निकेल नावाचा एक गरीब स्वभावाचा धातू आहे. बी.कॉम. झालेल्या माणसानं यांतल्या फक्त हिऱ्यांबद्दल बोलावं, आणि तेही ते दुसऱ्याच्या लॉकरमध्ये असतील तरच, असा संकेत आहे. हा संकेत मी आज मोडतो आहे. त्याला कारण माझी लेक.

त्याचं असं झालं. मार्च महिना होता. मार्च महिन्यात बँकेतला माणूस माणसात नसतो, हे आपण जाणताच. शाखेतून परत येताना डोकं जड झालं म्हणून वाटेत डॉक्टरांकडे शिरलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा फसफसवला आणि चेहरा लांब करून म्हणाले, "दीडशे-शंभर! दाब वाढलाय. बँकेत आहात ना?"

"हो."

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली. जणू बँकेतल्या माणसाला निम्मा दाब पगाराबरोबरच मिळतो!

घरी येऊन चपला काढतोय तोच लेक समोर उभी. एम.एस्सी. झालेली, वय वर्षे तेवीस, चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या दिवशीचा भाव.

"बाबा, माझं ठरलंय. मी पीएच.डी. करणार. विषयही मिळालाय. उच्च दाबाखाली निकेल ऑक्साइडमधली अतिसंवाहकता."

एका संध्याकाळी घरात दोन उच्च दाब शिरले. मी मटकन खाली बसलो. ही आतून ओरडली, "अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"मीठ कमी करा म्हणाले."

"कशातलं?"

मी लेकीकडं पाहिलं आणि म्हटलं, "सगळ्यातलंच."

तुम्ही म्हणाल, मुलगी शिकते म्हणते तर बापाला मटकन बसायला काय झालं? वाचकहो, टेबलावर बघा. तिथं, चहाच्या कपाखाली ठेवायला नको म्हणून मुद्दाम पारदर्शक पिशवीत घातलेलं एक नेमणूकपत्र आहे. प्रोबेशनरी ऑफिसर! माझ्या बँकेचं नव्हे, माझ्याहून मोठ्या बँकेचं. पंचवीस वर्षं खुर्ची झिजवून मी ज्या खुर्चीपर्यंत पोचलो नाही, तिथून माझ्या मुलीची सुरुवात होणार होती. ती परीक्षा तिनं आपखुशीनं दिली होती असं मी म्हणणार नाही. मी फक्त मार्गदर्शिका आणून तिच्या उशाशी ठेवली होती. नंतर एक तिच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. मग तळमजल्यावरच्या तात्यांना सांगून जिन्यात तिला गाठायची व्यवस्था केली. आजीकडून फोन करवला. याला कुणी दाब म्हणत असेल तर म्हणो, मी पाठपुरावा म्हणतो. बँकेच्या भाषेत तोच शब्द आहे.

रुजू व्हायची तारीख पंचवीस दिवसांवर होती, आणि पीएच.डी.च्या नोंदणीची तारीख त्याच आठवड्यात. दोन्हींपैकी एकच.

"निकेल?" मी शेवटी विचारलं. "ते तर पूर्वी नाण्यात असायचं."

"बघ, तुझंही खातं आहे त्यात," लेक म्हणाली. आणि ती समजावून सांगायला बसली. मीही ऐकायला बसलो. मनात हेतू असा की सगळं ऐकून घ्यावं आणि मग एखादी त्रुटी काढून अर्ज परत पाठवावा. पंचवीस वर्षांचा अनुभव कुठं तरी कामाला यायला नको का?

"बाबा, तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन पुढं सरकतात. सरकताना ते वाटेत अडखळतात, आपटतात. त्यात ऊर्जा वाया जाते आणि तार तापते. याला रोध म्हणायचं."

"कळलं," मी म्हटलं. "कर्जाचा अर्ज."

अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतो, प्रत्येक टेबलावर आपटतो, प्रत्येक ठिकाणी अर्जदाराची ऊर्जा वाया जाते आणि अर्जदार तापतो. मुलीच्या लग्नासाठी मागितलेलं कर्ज नातवाच्या बारशाला मंजूर होतं. रोध मला कुणी शिकवायला नको. मी स्वतःच एक रोध आहे, खिडकी क्रमांक चार.

"आणि काही पदार्थ खूप थंड केले," लेक पुढं सांगत होती, "की ठराविक तापमानाला रोध एकदम नाहीसा होतो. कमी होत नाही बाबा, नाहीसा होतो. शून्य!"

शून्य म्हटल्यावर मात्र मी सरळ बसलो. कारण शून्य हा आमच्या धंद्यातला सर्वांत पवित्र आकडा.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत जाड खतावण्या होत्या. संगणक एकच होता, साहेबांच्या केबिनमध्ये, प्लास्टिकचं झाकण घालून देवासारखा ठेवलेला. संध्याकाळी खतावण्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळायला हवी. फरक शून्य. एके दिवशी नऊ रुपयांचा फरक आला. साडेसात वाजलेले, सगळे खोळंबलेले. मी नवखा. उदार होऊन खिशातून नऊ रुपये काढले आणि टेबलावर ठेवले. हेडक्लार्कनी माझ्याकडं असं पाहिलं, की देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडं गुरवसुद्धा तसं पाहणार नाही. म्हणाले, "फरक भरून काढायचा नसतो, शोधायचा असतो. नवानं भाग जातोय, म्हणजे कुणी तरी आकडे उलटे लिहिलेत." सव्वानऊला सापडलं. चोपन्नाचे पंचेचाळीस झाले होते. लिहिणारा मीच होतो.

तेव्हा शून्याजवळ जाणं आणि शून्यावर येणं यांतलं अंतर मला ठाऊक आहे. म्हणून १९११ सालची ती गोष्ट मला एकदम आवडली. हॉलंडमध्ये लायडन नावाच्या गावी हाइके कामरलिंग ऑनेस नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०८ साली हेलियम वायूचा द्रव करून दाखवला होता. त्या थंडीत त्यांनी पारा गोठवला आणि त्यातून वीज सोडली. उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास, शास्त्रज्ञांच्या भाषेत ४.२ केल्विनला, पाऱ्याचा रोध गायब! १९१३ साली ऑनेसना नोबेल मिळालं.

"प्रत्यक्ष मोजमाप मात्र गिलेस होल्स्ट नावाच्या त्यांच्या सहायकानं केलं होतं," लेक म्हणाली. "निबंधावर त्याचं नाव नव्हतं."

मी मनातल्या मनात होल्स्टसाठी उठून उभा राहिलो. जगातल्या सगळ्या शाखांत सही साहेबांची असते आणि बेरीज कारकुनाची.

हे असं का होतं, याचं उत्तर यायला १९५७ साल उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी सांगितलं, की थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. एकटा इलेक्ट्रॉन धडपडतो. पण जोड्या जमल्या की सगळ्या एका तालात चालू लागतात, वारीतल्या दिंडीसारख्या. मग कुणी कुणावर आपटत नाही.

ही लसूण सोलता सोलता ऐकत होती. म्हणाली, "जोडीनं चाललं की रोध नाहीसा होतो? त्या शास्त्रज्ञांना म्हणावं, एकदा यांना घेऊन मंडईत जा."

"आई, त्यासाठी फार थंड व्हावं लागतं."

"तेच म्हणते मी. हे कुठं थंड होतात?"

पुढची चर्चा मी आमटीकडं वळवली.

जेवणं झाल्यावर निकेल आलं. आणि इथून, वाचकहो, माझी विकेट पडायला सुरुवात झाली.

स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकजवळ आय.बी.एम. कंपनीची प्रयोगशाळा आहे. तिथं म्युलर आणि बेडनॉर्त्स हे दोघे १९८३ सालापासून शोध घेत होते. धातूंची ऑक्साइडं म्हणजे एक प्रकारची कुंभारकामाची जात. त्यांत अतिसंवाहकता मिळेल असं त्या दोघांना वाटत होतं. बाकीच्यांना फारसं वाटत नव्हतं. त्यांनी सुरुवात कुणापासून केली? निकेलपासून. लँथॅनम, निकेल, ऑक्सिजन. हे घाल, ते काढ, भाज, मोज. दोन वर्षांहून अधिक काळ चालू. निकेल काही दाद देईना. मग एका फ्रेंच निबंधात लँथॅनम-बेरियम-तांब्याचं ऑक्साइड त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी निकेल बाजूला ठेवलं आणि तांबं घेतलं. १९८६ साली ३५ केल्विनच्या आसपास रोध ढासळू लागला. दुसऱ्याच वर्षी दोघांना नोबेल! १९८७ साली अमेरिकेत चू आणि वू यांच्या मंडळींनी तांब्याच्याच दुसऱ्या ऑक्साइडमध्ये मजल ९३ केल्विनपर्यंत नेली. म्हणजे महागड्या द्रव हेलियमऐवजी ७७ केल्विनच्या स्वस्त द्रव नायट्रोजनवर काम भागू लागलं. जिकडंतिकडं तांबं, तांबं आणि तांबं.

"मूलद्रव्यांच्या तक्त्यात निकेल कितवं?" मी विचारलं.

"अठ्ठाविसावं."

"आणि तांबं?"

"एकोणतिसावं. शेजारीच."

झालं. माझ्या डोळ्यांसमोर आमची शाखा उभी राहिली. शेजारशेजारची दोन टेबलं. काम पहिल्यानं सुरू केलं, फायली पहिल्यानं भाजल्या, आणि बढती शेजारच्याला! माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ आज आमचा सीनियर मॅनेजर आहे. माणूस वाईट नाही. तांबंही वाईट नाही. पण निकेलला काय वाटलं असेल, हे अख्ख्या भौतिकशास्त्रात माझ्याइतकं कुणाला कळणार?

"मग निकेलचं पुढं काय झालं?" मी विचारलं. माझ्या आवाजात काळजी होती. लेकीनं चमकून पाहिलं.

पुढं असं झालं, की शेजारच्या टेबलावरचा माणूस जमवू शकतो तर याला का जमू नये, असा विचार काही लोकांनी सोडला नाही. आपल्या मुंबईतही कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दाखवली. तेव्हा ती बातमी जगभर गाजली. पण ते ऑक्साइड नव्हे. ऑक्साइडमध्ये निकेलचं खातं उघडायला २०१९ साल यावं लागलं. अमेरिकेत स्टॅनफर्डला हॅरोल्ड ह्वांग यांच्या गटानं निओडिमियम आणि निकेलच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार केला, त्यातला थोडा ऑक्सिजन हलक्या हातानं काढून घेतला, आणि ९ ते १५ केल्विनच्या दरम्यान रोध गेला. आकडा लहान, पण खातं उघडलं.

आणि मग २०२३ चा जुलै. चीनमध्ये ग्वांगझो शहरातल्या सुन यात-सेन विद्यापीठातले मेंग वांग आणि त्यांचे सहकारी. पदार्थ तोच जुन्या घराण्यातला: तीन लँथॅनम, दोन निकेल, सात ऑक्सिजन. त्यावर त्यांनी १४ गिगापास्कलहून जास्त दाब दिला आणि ८० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली. नायट्रोजनच्या रेषेच्या वर! म्युलर-बेडनॉर्त्सनी ज्याला बाजूला ठेवलं त्या निकेलला तब्बल सदतीस वर्षांनी बढती मिळाली.

मी टाळी वाजवली. ही दचकली. लेक म्हणाली, "बाबा, तुझा दाब!"

"माझा राहू दे. १४ गिगापास्कल म्हणजे किती?"

"आपल्या डोक्यावर हवेचा जो दाब असतो ना, त्याच्या सुमारे एक लाख चाळीस हजार पट."

एकतीस मार्चला संध्याकाळी हेडऑफिसचा फोन येतो तेव्हा साधारण एवढाच असतो, असा माझा अंदाज आहे. पण मोजायचं साधन आमच्याकडं नाही. त्यांच्याकडं आहे. दोन हिरे घ्यायचे. टोकाला चपटे घासलेले. टोकांच्या मध्ये धातूच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात तो स्फटिक ठेवायचा. मोहरीचा दाणा त्याच्यापुढं कलिंगड वाटावा एवढा तो बारीक. मग स्क्रू आवळायचे. आवळणं हातानंही जमतं. कारण टोक इतकं लहान, की थोडा जोरही तिथं लाखपट होतो. शेजारी माणकाचा एक कण ठेवतात. त्याच्यावर लेसर टाकला की तो लाल चमकतो, आणि दाब वाढला की त्या लाल रंगाची छटा किंचित सरकते. त्यावरून दाब कळतो. म्हणजे डॉक्टरांच्या पट्ट्याऐवजी माणिक!

"दोन हिरे आणि एक माणिक," ही म्हणाली. "आणि मी पंचवीस वर्षं एका मोत्याच्या नथीवर संसार केला."

"आई, हिऱ्यांची ही ऐरण वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात तयार झाली. सुरुवातीचे हिरे त्यांना फुकट मिळाले होते. स्मगलरांकडून सरकारनं जप्त केलेले."

हे ऐकून माझ्यातला बँकवाला सुखावला. जप्तीचा माल एवढ्या चांगल्या कामाला लावल्याचं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. आमच्याकडं जप्त केलेली एक रिक्षा गेली नऊ वर्षं शाखेच्या मागं उभी आहे. तिच्यात मांजरीनं तीनदा पिल्लं घातली.

"पण दाबानं होतं काय?"

लेकीनं दोन आगपेट्या घेतल्या. एक खाली, एक वर, मध्ये एक काडी. "हे दोन निकेलचे थर. मध्ये ऑक्सिजन. निकेल, ऑक्सिजन, निकेल ही रेघ एरवी जरा वाकलेली असते. कोन १६८ अंशांचा. दाब वाढला की ती सरळ होते. १८० अंश. मग वरच्या आणि खालच्या थरांचं एकमेकांशी नीट बोलणं सुरू होतं आणि इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमायला मदत होते, असं पुष्कळांना वाटतं. पूर्ण कारणावर अजून वाद चालू आहे."

फक्त बारा अंशांचा वाकडेपणा! इन्स्पेक्शन पार्टी शाखेत शिरली की आमच्या पाठीच्या कण्यात एवढाच फरक पडतो. आणि ती जिना उतरली की?

"दाब काढला की निकेलही पुन्हा वाकडं," लेक म्हणाली. "आणि अतिसंवाहकता गायब."

हे ती सहज बोलून गेली. मला मात्र ते कुठं तरी लागलं. त्याचं कारण सांगतो.

मी बी.कॉम. आहे म्हणालो ना, त्याच्या आधी मी आठ दिवस सायन्सला होतो. दहावीला विज्ञानात बरे मार्क पडले होते. कॉलेजात नाव घातलं होतं, निळ्या पुठ्ठ्याची प्रॅक्टिकलची वही आणली होती, तिच्यावर नावसुद्धा लिहून झालं होतं. वडील म्हणाले, "कॉमर्स घे. बँकेत चिकटशील." ते ओरडले नाहीत, मारलं नाही. रोज संध्याकाळी फक्त एवढंच म्हणायचे. आठव्या दिवशी मी फॉर्म बदलून आलो. वडिलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या गिरणीला कुलूप लागलेलं होतं आणि घरात खाणारी सात तोंडं होती. त्यांच्याही डोक्यावर दाब होताच. मी सरळ झालो तो झालोच. वडील जाऊन आता अकरा वर्षं झाली. दाब केव्हाच निघाला. मी सवयीनं सरळ बसलेला आहे. ती निळी वही पुढं आमच्याकडं दुधाच्या हिशेबाला वापरली. हिशेब अर्थात कायम जुळला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तात्या भेटले. मीच पूर्वी त्यांना कामाला लावलेलं, त्यामुळं ते अजून ड्यूटीवर होते. "पोरीला सांगा," ते म्हणाले, "त्या विषयात आता राहिलंय काय? कोरियात नाही का, साध्या खोलीत, साध्या हवेत जमलं? मी व्हिडिओ पाहिलाय. तुकडा असा तरंगत होता."

पूर्वी मी मान डोलावली असती. पण आता मी पोरीचा विद्यार्थी होतो. म्हटलं, "तात्या, ते एलके-नव्याण्णव. तेही २०२३ च्या जुलैमधलंच. दक्षिण कोरियातल्या मंडळींनी दावा केला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं. आपल्या दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनंही पाहिलं. कुणाला अतिसंवाहकता मिळाली नाही. त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती. रोध एकदम पडल्यासारखा दिसायचा तो तिच्यामुळं."

तात्या अवाक झाले. मला मात्र निकेलबद्दल पुन्हा गहिवरून आलं. सदतीस वर्षांनी बढतीचा कागद निघाला, आणि त्याच महिन्यात सगळं जग शेजारच्या मांडवातला तमाशा बघायला गेलेलं!

त्या रात्री मी शेवटचा डाव टाकला. त्रुटी. "काय गं, त्या ग्वांगझोवाल्यांच्या पहिल्या मोजणीत रोध अगदी शून्यावर आला होता का?"

लेकीनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "नव्हता. बरोबर पकडलंस. खूप खाली आला होता, पण शून्य नव्हतं. आणि स्फटिकाचा किती भाग खरा अतिसंवाहक आहे, यावरही शंका निघाल्या."

"मग? फरक भरून काढला?"

"नाही. शोधला. हिऱ्यांच्या मध्ये दाब सगळीकडून सारखा पडत नव्हता. एका बाजूनं जास्त, दुसऱ्या बाजूनं कमी. मग स्फटिकाभोवती द्रव भरून दाब दिला, म्हणजे तो चारही बाजूंनी सारखा बसतो. तेव्हा शून्य मिळालं. नंतर थोड्या लँथॅनमच्या जागी प्रॅसिओडिमियम घालून स्फटिकही सुधारले."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमचे हेडक्लार्क त्या प्रयोगशाळेत असते तर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला असता. आणि दाब एका बाजूनं दिला तर ताळा जमत नाही, हे ऐकून मला उशाशी ठेवलेल्या मार्गदर्शिका आठवल्या, जिन्यातले तात्या आठवले, आजीचा फोन आठवला. सगळा दाब एकाच बाजूनं. तिला काय हवंय, हे विचारायचं टेबल माझ्या शाखेत नव्हतंच.

"उपयोग काय गं याचा?" मी विचारलं. या वेळी त्रुटी काढायला नव्हे, खरंच विचारलं.

"लगेच? काही नाही. आजोबांचं एमआरआय काढलं होतं ना, त्या यंत्रातलं चुंबक अतिसंवाहक तारेचं असतं. ती तार द्रव हेलियमनं थंड ठेवावी लागते. ऑनेसनी पारा तपासला तेव्हा एमआरआय कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. निकेलचं काय होईल, मला माहीत नाही. कदाचित पाच वर्षं मोजूनही माझ्या हाती काहीच लागणार नाही, बाबा. मला त्याची भीती वाटते."

पोरगी माझ्यासमोर प्रथमच भीती वाटते म्हणाली. इतके दिवस मी दाब देत होतो तेव्हा ती फक्त वाद घालत होती. आता दाब काढला तर ती खरं बोलली.

मी बराच वेळ आगपेटीशी खेळत बसलो. मग विचारलं, "पण दर वेळी हिरे आणि स्क्रू घेऊन बसायचं, हे किती दिवस चालणार? दाबाशिवाय नाही होत?"

तिचे डोळे चमकले. "होतं! २०२४ च्या शेवटी स्टॅनफर्डवाल्यांनी दाखवलं आणि २०२५ च्या सुरुवातीला चीनमधल्या शेनझेनच्या गटानंही. याच निकेल ऑक्साइडचा पातळ पापुद्रा दुसऱ्या एका स्फटिकावर वाढवायचा. त्या खालच्या स्फटिकातले अणू जरा जास्त जवळजवळ बसलेले असतात, साधारण दोन टक्क्यांनी. पापुद्रा त्याच्याशी जुळवून घेत वाढतो, म्हणजे जन्मापासूनच किंचित आवळलेला. मग बाहेरून दाब लागत नाही. साध्या हवेच्या दाबाला ४० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सुरू होते."

"म्हणजे हिरे नकोत?"

"नकोत."

"स्क्रू नकोत?"

"नकोत. पाया तेवढा योग्य हवा."

मी घराकडं नजर फिरवली. चारशे ऐंशी चौरस फूट. दोन खोल्या, एक मोरी, एक गॅलरी, तिच्यात वाळत घातलेले कपडे आणि त्यांच्या मागं अभ्यासाला बसणारी पोर. दहावी, बारावी, एम.एस्सी., सगळं त्या दोरीखाली झालं. दोन टक्के आवळ इथं सहज मिळाली असणार. मग आणखी स्क्रू आवळायला मी कशाला बसलो होतो?

"अर्ज आण," मी म्हटलं.

"कुठला?"

"दोन्ही."

पीएच.डी.चा अर्ज तिनं भरला. बँकेला पत्र मी लिहिलं. पंचवीस वर्षांत मी हजारो पत्रं लिहिली, पण असा मसुदा माझ्या हातून पूर्वी उतरला नव्हता. संदर्भ, दिनांक, विषय: नेमणुकीच्या जागी रुजू न होण्याबाबत. महोदय, आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे, इत्यादी. फक्त कारणाच्या रकान्याशी लेखणी अडली. उच्च दाबाखालील निकेल हे कारण कुठल्याच बँकेच्या कुठल्याच परिपत्रकात बसत नाही. शेवटी 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं, आणि लिहिताना जाणवलं, की हे तिच्यापेक्षा माझंच जास्त खरं आहे.

सही अर्थातच तिची. बेरीज कारकुनाची.

एप्रिलमध्ये पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. पट्टा, फुगा, फसफस. "एकशे तीस-चौऱ्याऐंशी! वा! मीठ एकदम बंद केलंत वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "एक दाब काढून घेतला."

"पण गोळी चालू ठेवा हं," डॉक्टर म्हणाले. "पुढल्या वर्षी पुन्हा मार्च आहेच."